पाखराच्या पायातला काळा दोरा

शरणम्माचं उभं आयुष्य पाण्याच्या काठी गेलं आणि तिला पोहायला येत नव्हतं. हे ती स्वतःच कौतुकानं सांगायची. नवरा विरुपाक्ष सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पंपघरात कामाला. पंपघराच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागच्या परसात धुण्याभांड्याच्या पाण्यावर पोसलेला अळूचा वाफा, वाफा संपला की पाणकणसांची दाटी आणि तिच्यापुढं तलाव. मैंदर्गीची ही पोर लग्न होऊन इथं आली तेव्हा पहिले काही महिने तिला वाटायचं, आपल्याला इथं आणून ठेवलं आणि न्यायला विसरले. शेजार म्हणजे पलीकडच्या वस्तीवरची सारजाबाई. ती शेळ्या घेऊन काठाला यायची, शेळ्यांना शिव्या द्यायची, आणि शिव्यांमधून वेळ मिळाला तर शरणम्माशी बोलायची.

लेक काशम्मा होती तोवर घर भरलेलं होतं. ती लग्न होऊन वैरागला गेली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. विरुपाक्ष बोलत नव्हता असं नाही. पण सगळा जन्म पंपाच्या धडधडीत काढल्यानं त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे, आणि ओरडून सांगण्याजोगं बायकोजवळ असतं किती? तेव्हा ती पाखरांशी बोलायला लागली. बोलायची कानडीत. माहेरी लेकरांना ज्या भाषेत जवळ घेतलं जायचं त्याच भाषेत.

सिद्धनाथ मास्तर तिच्या घराच्या मागं पहिल्यांदा उगवले ते बहात्तरच्या दुष्काळात. तलाव आटून गाळ उघडा पडला होता आणि हा टोपीवाला माणूस डोळ्याला दुर्बीण लावून गाळाकडं बघत बसलेला. विरुपाक्षाला वाटलं, पंप तपासायला वरून कोणी साहेब आला. त्यानं घाईघाईनं शर्टाची बटणं लावली, पंपावरनं फडकं फिरवलं आणि हात जोडून उभा राहिला. मास्तर म्हणाले, "नाही हो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाखरं बघायला आलोय." विरुपाक्षानं बटणं परत सोडली आणि आत जाऊन बायकोला ओरडून सांगितलं की बाहेर एक वेडा आलाय, त्याला चहा दे.

त्या चहानं शरणम्माच्या आयुष्याला नवं वळण दिलं. चहा पिताना मास्तर सांगत होते की दर साली पावसाळा सरला की हिमालयाच्याही पलीकडनं बारकी बारकी पाखरं इकडं येतात, थंडी काढतात आणि परत जातात. शरणम्मानं कपबशी खाली ठेवली.

"एवडंसं पाखरू? हिमालयाच्या पल्याडनं?"

"हो अक्का."

"मग वाटंत खातंय काय ते?"

मास्तर आठ वर्षं मुलांना हे शिकवत होते. एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. मग त्यांनी बैठक मारून सगळं सांगितलं, आणि त्यांना पुष्कळ माहीत होतं. शरणम्माची भाकरी तव्यावर करपली ती पहिल्यांदा त्या दिवशी.

मास्तरांना सुट्टी रविवारची आणि पाखरांना वाराचं बंधन नाही. म्हणून हळूहळू असं ठरत गेलं की आठवडाभर शरणम्मानं बघायचं आणि रविवारी मास्तरांना सांगायचं. आश्विन लागला की तिचं काम सुरू. पहिला धोबी पक्षी कधी दिसला, भोरड्यांचा थवा कुणीकडून गेला, वटवटे पाणकणसात बोलायला लागले का. मास्तर तिला नावं सांगत, ओळखायच्या खुणा सांगत. पण या सगळ्यांत ज्याच्यासाठी मास्तर सायकल मारत यायचे तो एकच. चिमणीहून बारीक, जमिनीवर टुणटुण चालणारा, शेपटी ताठ उभारणारा, भुवईवर पांढरी रेघ, गळ्यावर निळा पट्टा. आपल्याकडं तो फार थोडा दिसतो. एखाद्या साली या तलावावर एक, कधी दोन, कधी काहीच नाही. येतो तेव्हा गळा मळका असतो आणि थंडी सरता सरता निळा रंग चढत जातो. जायच्या आधी बारीक आवाजात गुणगुणतो, जणू गाणं विसरू नये म्हणून घोकतोय. मास्तर म्हणाले, याला शंकर म्हणतात. शरणम्मानं दोन्ही कानाच्या पाळ्या धरल्या. गळ्यात लिंग बांधलेली बाई ती. चिखलातल्या अळ्या उचलणाऱ्या जिवाला त्या नावानं हाक मारणं तिला जमेना. ती त्याला 'मरी' म्हणायची. कानडीत लेकराला, पिलाला म्हणतात तसं.

चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात मरी भोयांच्या जाळ्यात सापडला. मासेमारांनी काठाला मेढी ठोकून जाळं वाळत घातलेलं आणि हा त्यात पंख पसरून लटकलेला. शरणम्मानं जाळ्याचे पीळ एकेक करून सोडवले. उजवा पंख दुखावला होता. सारजाबाईकडनं कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, आणि मग शंभर पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात बाईनं कुजक्या लाकडातली वाळवी वेचायला सुरुवात केली. विरुपाक्ष म्हणाला, "पूजेच्या हातानं काय करालीस हे?" ती म्हणाली, "हात धुते की." आणि खरंच धुवायची, राखेनं, दोनदा.

आठवडाभरात पंख सावरला. मरी डालग्यात उडी मारून काडीवर बसायला लागला. सारजाबाई वाकून बघत म्हणाली, "काय देखणं हाय ओ अक्का! कुणाची नदर लागायची." तिनं अगदी सहज म्हटलं. पण शरणम्माच्या मनात ते बसलं.

दुसऱ्या दिवशी सोडायचं होतं. लांबच्या गावी निघालेलं लेकरू, आजारातून उठलेलं, आणि त्याला तसंच मोकळ्या पायानं सोडायचं? तिनं देव्हाऱ्यातली विभूती बोटावर घेऊन त्याच्या डोक्याला लावली. मग काळा दोरा काढला, त्यातला एकच बारीक धागा सोडवून घेतला आणि डाव्या पायाला बांधला. गाठी बांधण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. वस्तीवरच्या बाया आपली लेकरं तिच्याकडं दोरा बांधायला आणायच्या. लेकराचा पाय भरला की दोरा सैल करता यावा म्हणून गाठीपुढं जरा शेव सोडायची असते. ती इथंही तिनं सोडली. बोटभर. मग ओंजळ उघडली आणि मरी अळूच्या वाफ्यात उडाला. तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्या दिवशी शिरा केला.

रविवारी मास्तरांना शिऱ्याचा उरलेला घास आणि सगळी हकिकत एकदमच मिळाली. मास्तर खूश होऊन ऐकत होते. दोऱ्याचं आलं तसा त्यांचा हात थांबला.

"अक्का, शेव सोडलीत?"

"सोडली की. बोटभर."

मास्तर शिव्या देणारे नव्हते, आवाज चढवणारेही नव्हते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं की मुंबईचे अभ्यास करणारे लोक पाखरांच्या पायात खूण घालतात, पण ती गुळगुळीत धातूच्या वाळ्याची, कशात अडकणार नाही अशी. दोरा भिजतो, आवळतो. शेव काट्यात गुंतते. त्यांनी एकदा पतंगाच्या मांज्यात पाय अडकून झाडाला लोंबणारा कावळा पाहिला होता. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," ते म्हणाले, पण तोवर शरणम्माच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तलावाच्या काठाला बाभळीशिवाय होतं काय! जिकडं बघावं तिकडं काटा. पाखराचा पाय वाढत नसतो, हे तिला तेव्हा सुचलं. इतकी साधी गोष्ट. तिनं कपाळावर हात मारून घेतला, आणि एकदाच नाही.

त्या हिवाळ्यात ती पाखरांच्या मागं नव्हती. एकाच पाखराच्या मागं होती. मरी तिथंच होता. रोज अळूच्या वाफ्यात यायचा, खरकट्या पाण्यात टुणटुणायचा, आणि पायामागनं ती काळी शेव फरफटायची. शरणम्मानं डालगं काठीवर उभं करून काठीला दोरी बांधली, आत वाळवी टाकली आणि पडवीत दोरी धरून बसली. मरी डालग्यापासून हातभर अंतरावर थांबायचा, मान वाकडी करून बघायचा आणि निघून जायचा. एकदा राहिला होता आत. पुन्हा जाण्याइतका भोळा तो नव्हता. तिनं सोलापुरी चादर टाकून धरायचा प्रयत्न केला. चादर अळूवर पडली, अळू आडवा झाला आणि शेळ्यांनी तो खाल्ला. जाळं लावू का, असं भोयांनी विचारलं. पण जाळ्यानंच पंख दुखावला होता, ती नको म्हणाली.

"अक्का, लेकरू हरवल्यावानी फिरायलाव की ओ तुमी," सारजाबाई म्हणाली.

"हरवलं असतं तर बरं होतं. दिसतंय रोज, आन हाताला येईना."

विरुपाक्ष तिची टर उडवायचा. "माझ्या पायाला काटा टोचला तर इतकं बघत न्हाईस," असं भरदार आवाजात पंपघरातनं ओरडायचा. पण पाळी सुटल्यावर एका दुपारी त्यानं कोयता उचलला आणि परसाच्या आसपासच्या बाभळींच्या खालच्या फांद्या सपासप उतरवल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, सरपणाला. सरपण आधीचंच पावसाळ्यापर्यंत पुरलं असतं. त्या दिवशी त्याच्या ताटात शेंगाच्या चटणीवर तेल जरा जास्त पडलं.

शिमगा झाला, ऊन तापलं, मरीचा गळा गर्द निळा झाला. एक दिवस तो गुणगुणला. दुसऱ्या दिवशी नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. जायची वेळ झालीच होती; सगळीच जातात. पण हा गेला, का कुठं अडकला? शरणम्मानं काठी घेतली आणि तलावाच्या काठाची बाभूळ न् बाभूळ बघत निघाली. मान वर करून करून आखडली. सारजाबाई शेळ्या घेऊन बरोबर फिरली. एका झाडाला काळं काहीतरी लोंबताना दिसलं. सारजाबाईनं काठीनं ते पाडलं. चिंधी होती.

कुठंच काही सापडलं नाही. पण न सापडण्यानं सुटका थोडीच होते? इथनं हिमालयापर्यंत बाभळी असतील, बोरी असतील, कुणाकुणाची कुंपणं असतील. मास्तर म्हणाले, "अक्का, आता आश्विनापर्यंत काही कळायचं नाही." ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला तो लागला.

श्रावणात काशम्मा बाळंतपणाला आली. मुलगा झाला. सगळ्यांनी आजीकडं पाहिलं, कारण दोरा आजीच्या हातचा. शरणम्मानं पोराचा इवलासा घोटा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. "तू बांद. माज्या हातानं नगं," ती लेकीला म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली. काशम्मानं बांधला. तिची गाठ तीन दिवसांत सुटून दोरा दुपट्यात गळून पडला, आणि शरणम्मानं तो बघूनही कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याला लोक बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देऊन घेऊन, गोडधोड खाऊन पांगले. काशम्मा सासरी गेली. मास्तरांचे दोन रविवार कोरडे गेले होते. धोबी आले होते, वटवटे आले होते. शंकर नव्हता. मास्तर विचारायचं टाळायचे आणि ती सांगायचं टाळायची.

मग एका सकाळी ती भांडी घासत बसली असताना अळूच्या पानांखाली काहीतरी हललं. शेपटी ताठ झाली. शेपटीच्या बुडाशी विटकरी रंग चमकला. शरणम्माचा हात तांब्यावरच थांबला.

शंकर होता. पण कुठला? पाय चिखलात आणि पानांच्या सावलीत. ती हलेना. पाठीमागं नळी गळत होती, गळू दिली. चुलीवर डाळ होती, लागू दिली. पाखरू पानं उलटत, किडे टिपत वाफ्याच्या कडेला आलं आणि धुण्याच्या दगडावर टुणकन चढलं.

डाव्या पायात दोरा होता.

काळा राहिला नव्हता. ऊनपावसानं मातकट झाला होता. शेव झिजून नखाएवढी उरली होती. पण तिची गाठ तशीच. जाऊन आला होता तो. तसल्या दोऱ्यानिशी डोंगर ओलांडून गेला आणि ओलांडून आला. शरणम्माच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि हात राखेनं भरलेले असल्यानं तिला ते पुसताही येईना. मग तिनं नीट बघितलं. मरी तो पाय जरा उचलून धरत होता.

"सारजाबाई!" ती दबक्या आवाजात ओरडली. दबक्या आवाजात ओरडणं पंपाशेजारी राहणाऱ्या बाईलाच जमतं. "डालगं आणा. आन शेळ्या लांब न्या."

काठी उभी केली, दोरी बांधली. वाळवीसाठी सरपणाचा सगळा ढीग उपसला, तेव्हा कुठं मूठभर मिळाली. मग दोघी पडवीत बसल्या. "बारो मरी," शरणम्मा पुटपुटत होती, "बारो." ये रे पिल्ला, ये. मरी आला. हातभर अंतरावर थांबला. मान वाकडी केली. गेल्या साली इथनंच तो परत फिरायचा. पण औंदा तो वाळला होता, पिसं खरबरीत झाली होती. इतक्या लांबनं आलेल्याला भूक लागणारच. एक पाऊल पुढं टाकलं. अजून एक. आणि आत शिरला.

शरणम्माच्यानं दोरी ओढवेना. सारजाबाईनं तिच्या हातावर हात ठेवून ओढली.

डालग्याखाली हात घालून तिनं त्याला धरलं. मुठीत नुसतं काळीजच धडधडत होतं. बाकी वजन असं नव्हतंच. कात्री सारजाबाईच्या हातात दिली. तिनं ती दोऱ्याजवळ नेली आणि परत खाली ठेवली. "मला न्हाय जमायचं. पाय तुटंल त्याचा."

तेवढ्यात काही झालं की काय म्हणून विरुपाक्ष पंपघरातनं आला. त्यानं बायकोची मूठ बघितली, कात्री बघितली. हात धोतराला पुसले. पंपाचे पान्हे फिरवून फिरवून त्याची बोटं जाड झाली होती, पण बारीक स्क्रू काढायची सवय त्याच बोटांना. कात्रीचं टोक दोऱ्याखाली सरकवायला त्याला जागा सापडेना, तेव्हा तो खाली बसला, पुढं वाकला आणि कुजबुजला. लग्नाला इतकी वर्षं झाली, शरणम्मानं त्याला कुजबुजताना पहिल्यांदा ऐकलं.

"हलू देऊ नको. जरा वर. हां."

कट्.

गाठ त्याच्या तळहातावर पडली. पायाला एक फिकट वळ उठला होता, कातडी जरा दबली होती. जखम नव्हती. सूज नव्हती. नखं मिटत होती, उघडत होती. शरणम्माचा जीव भांड्यात पडला. वर्षभर छातीवर काहीतरी ठेवून ती जेवत होती, झोपत होती, भाकऱ्या थापत होती. ते उतरलं.

विरुपाक्षाला मात्र आता काळजी पडली. "आगं, पण फुडल्या साली वळखणार कसा? दोरा होता म्हणून कळला की ह्यो त्योच. आता सगळे सारखे." मग त्याला सुचलं. "मास्तर तो वाळा म्हंत्यात न्हवं, गुळगुळीत, ज्यानं काय होत न्हाई? डालग्यात ठेवू चार दिस. मुंबईसनं मागवतील मास्तर. मी सांगतो त्यास्नी."

तो चांगल्या मनानं बोलत होता आणि बरोबरही बोलत होता. शरणम्मानं मुठीतल्या पाखराकडं पाहिलं. एकदा सोडला की हा तिचा म्हणून पुन्हा कधी ओळखता यायचा नाही. पुढच्या आश्विनात आला तरी कळणार नाही, नाही आला तरी कळणार नाही. हे तिला पुरतं समजलं आणि वाईटही वाटलं.

"नगं," ती म्हणाली. "काय बी नगं त्याच्या पायात. वळखून काय करायचंय मला? त्यानं खुशाल यावं."

कानडी घरात कुणालाही नुसतं 'जा' म्हणत नाहीत. "होगि बा," ती म्हणाली, म्हणजे जाऊन ये, आणि मूठ उघडली.

मरी वाफ्यात उतरला आणि दोन्ही पाय टेकून चालायला लागला.

पुढच्या आश्विनात तलावावर एकदम तीन शंकर आले. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. दुर्बीण एकावरनं दुसऱ्यावर नेत त्यांनी विचारलं, "अक्का, यातला तुमचा कुठला हो?"

शरणम्मा भाकरी थापत होती. तिनं तिघांकडं नीट बघून घेतलं.

"ज्याला भूक लागली असंल त्यो," ती म्हणाली आणि वाळवीची करवंटी घेऊन उठली.